पुरःस्थ ग्रंथीतील प्रवचने

२ फेब्रुवारी, सोमवार

आज भोजनाच्या वेळी सूनबाईने आपल्या संशोधनाचा विषय प्रथमच स्पष्ट शब्दांत उच्चारला. माझ्या हातातील घास हातातच राहिला. ती या घरात आल्यापासून "तुमच्या सूनबाई काय करतात?" या प्रश्नास मी "सूक्ष्मदर्शकातून पाहतात" असे उत्तर देत आलो आहे. ते असत्य नाही, आणि त्यापुढे कोणी विचारीत नाही. आज सूक्ष्मदर्शकाखाली काय असते तेही कळले. पुरुषाच्या देहात, मूत्राशयाच्या पायथ्याशी, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. उतारवयात पुष्कळांच्या त्या ग्रंथीस कर्करोग जडतो.

"पण बाबा, सगळ्या गाठी सारख्या नसतात," ती म्हणाली. "काही इतक्या आळशी असतात, की माणूस म्हातारपणानं जातो तरी त्या जागच्या हलत नाहीत. काही मात्र भलत्या घाईच्या. कुठली कोणती, हे रक्तावरून आधीच ओळखता यावं, एवढंच मी शोधतेय."

नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक शिकवण्यात माझी हयात गेली. आळशी काय आणि उतावळे काय याचा विवेक करणारी ही मुलगी इतकी वर्षे माझ्याच पंक्तीस जेवत होती, आणि मी तिला दुर्बीणवाल्यांच्या रांगेत बसवून मोकळा झालो होतो.

तिच्यावरील संकट असे. प्रयोगशाळेचे अनुदान मार्चअखेर संपते. त्यानंतर शीतपेटी बंद होईल आणि इतक्या वर्षांत जमवलेले रक्ताचे नमुने टाकून द्यावे लागतील. एक कारखानदार पुढील खर्च उचलण्यास तयार आहेत. ते नळ, तोट्या आणि पाइप बनवतात, आणि वर्तमानपत्रे त्यांना 'नळसम्राट' म्हणतात. मात्र त्यांची अट अशी, की लोकांना नको असलेल्या वस्तूत ते पैसा घालीत नाहीत. पुरुषमंडळी आपण होऊन येतात आणि तपासणीसाठी रक्त देतात, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. १ मार्चला ते पाहण्यास येणार.

"म्हणून तुमचं प्रवचनाचं सभागृह महिनाभर हवंय. आणि तुम्ही अध्यक्ष व्हा, बाबा. दोन शब्द बोला."

"दोन?" आमची ही वाढता वाढता म्हणाली. "यांनी दोन शब्दांत कधी चहासुद्धा मागितलेला नाही."

मी संमती दिली.

जाता जाता एक नोंद. अलीकडे परमेश्वर मला पहाटेच्या पाठासाठी पुष्कळच आधी जागे करतो. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. उतारवयातच अशी कृपा होते. गुरुवारच्या प्रवचनातही मला मध्येच उठून बाहेर जाऊन यावे लागते. तो चिंतनासाठी दिलेला विराम आहे असा श्रोत्यांचा समज आहे. तो मी दूर केलेला नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

समितीची पहिली बैठक. समितीत मी, सूनबाई आणि कर्नल असे तिघे. कर्नल हा माझा बालमित्र. तो सैन्यात कधीच नव्हता, विमा कार्यालयात होता. ही पदवी त्याला मिशांनी दिली.

प्रथम नामनिश्चिती झाली. या अवयवास शास्त्रात 'पुरःस्थ ग्रंथी' म्हणतात हे कळल्यावर माझे मन बरेच शांत झाले. पुढे उभी राहणारी, म्हणजे द्वारपालासारखी. ज्यास इतके सुसंस्कृत नाव आहे, त्याविषयी सभेत बोलण्यास प्रत्यवाय नसावा.

नंतर प्रतिकृतीचा प्रश्न निघाला. लोकांना समजावून सांगण्यासाठी ग्रंथीची प्रतिकृती हवी, म्हणून सूनबाईने विक्रेत्याचे चित्रपुस्तक आणले होते. त्यात टेबलावर ठेवण्याची, मधोमध चिरलेली एक लहान प्रतिकृती होती. मी हरकत घेतली. जेथे पोथी ठेवली जाते त्याच मेजावर, श्रोत्यांच्या अगदी नजरेसमोर ही वस्तू? दुसरी भिंतीवर टांगण्याची होती. तीस दुप्पट हरकत. मग शेवटच्या पानावर हवा भरून फुगवण्याची, माणसांनी आत शिरून पाहण्याची महाप्रतिकृती दिसली, आणि मला एकदम मार्ग सापडला. आपण ज्याच्या आत असतो ते आपणांस दिसत नाही. घरात बसलेल्यास घर दिसत नाही. तद्वत ग्रंथीच्या आत असलेल्या सज्जनास ग्रंथीकडे पाहण्याचा प्रसंगच येणार नाही. म्हणून ती जितकी मोठी, तितकी मर्यादा अधिक.

"म्हणजे लाज वाटते म्हणून घराएवढं मागवायचं?" कर्नल म्हणाला.

"तुला तर्कशास्त्राचा गंध नाही."

"मला नाही, पण त्या दुकानदाराला आहे बघ. म्हणून शेवटच्या पानावर ठेवलंय त्यानं."

सूनबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, नक्की?" मी "निःसंशय" म्हणताच तिने माझ्या बाजूने मत दिले आणि रुमालात तोंड लपवून खोकू लागली. तिला काढा घेण्यास सांगितले पाहिजे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रतिकृती आली. मालमोटारीतून उतरली तेव्हा ती गुंडाळलेल्या तंबूसारखी निरुपद्रवी दिसत होती. पंपवाल्याने पंप लावला. प्रथम तिने दोन रांगा खुर्च्या सरकवल्या, मग व्यासपीठ पोटात घेतले, मग खिडक्या झाकल्या, आणि शेवटी छताला टेकून ती थांबली. सारे सभागृह गुलाबी झाले. भिंत आणि ग्रंथी यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन चालू शकेल एवढीच वाट राहिली आहे.

"काका, हा पंप बंद करायचा नाही हं," पंपवाल्याने बजावले. "बंद झाला की बसलंच."

"काय बसलं?"

"तुमचं ते."

"ते माझे नव्हे. ते पुरुषमात्राचे आहे."

"तेच की," असे म्हणून त्याने माझी सही घेतली.

मी आत जाऊन पाहणी केली. प्रवेश मूत्राशयाच्या बाजूने, एका नळीतून वाकून करावा लागतो. आत पाचपन्नास माणसे सहज बसतील एवढी जागा आहे. भिंतींवर लाल-निळ्या वाहिन्या काढल्या आहेत. निर्गम दुसऱ्या टोकास आहे, आणि तेथेच बाहेर रक्त घेण्याचे टेबल मांडले आहे. त्यापाशी सरकारी दवाखान्यातून आलेल्या सिस्टर बसतात. आत डाव्या हातास जांभळ्या रंगाचा एक गच्च भरलेला उंचवटा आहे, साधारण गुडघ्याएवढा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सभागृह ग्रंथीने व्यापल्यामुळे प्रवचनाचे काय, हा प्रश्न होता. तीस वर्षे न खंडलेला नेम एका अवयवासाठी मोडावा हे मनास पटेना. मी ग्रंथीतच बसलो.

अनुभव अपूर्व होता. प्रवेशनळी बुटकी असल्याने प्रत्येकास मान लववूनच आत यावे लागले. पोथीपुढे आजवर न वाकलेले दोन निवृत्त अभियंते आज जवळजवळ रांगत आले. प्राचीन ऋषी गुहेत का बसत हे आज समजले. त्या कोंदट गुलाबी अवकाशात माझा आवाज इतका गंभीर उमटला, की क्षणभर माझाच मला आदर वाटला. आसनासाठी मी तो जांभळा उंचवटा निवडला.

सूनबाई आली होती. ती जवळ येऊन हलकेच म्हणाली, "बाबा, तिथं नका बसू."

"का? येथून सर्वांना मी दिसतो."

"ती गाठ आहे."

"असेना. आसन म्हणून उत्तम आहे. चांगली घट्ट आहे."

"घट्टच असते ती," असे म्हणून ती बाहेर गेली. तिचे डोळे भरून आले होते. अजून मी प्रवचनास आरंभही केला नव्हता. श्रद्धा अशी असावी.

१५ फेब्रुवारी, रविवार

गर्दी वाढते आहे, परंतु रक्त कोणीही देत नाही. पुरुष नळीतून आत येतात, वाहिन्या पाहतात, जांभळ्या उंचवट्यावर हात दाबून बघतात, आणि निर्गमापाशी सिस्टरांचा पांढरा पोशाख दिसताच आल्या वाटेने परततात. आज मागून येणाऱ्यांची रांग असल्यामुळे तिघांना उलट पावली रांगत बाहेर पडावे लागले. त्यांनी तेही पत्करले.

सिस्टर दिवसभर शब्दकोडे सोडवतात. मी विचारपूस करण्यास गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, 'भित्रा' म्हणजे काय, चार अक्षरी?"

"घाबरट."

त्यांनी ते लिहिले, मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, आणि मग उगीचच माझ्याकडे पाहिले.

सूनबाई रात्री जेवली नाही. शीतपेटी कोणाला द्यायची याची विचारणा तिच्या वरिष्ठांनी आजच सुरू केली आहे म्हणे. दुसऱ्या एका विभागास त्यात औषधे ठेवायची आहेत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक विलक्षण गोष्ट घडली. प्रवचनानंतर दिवा मंद केला होता. एका श्रोत्याने माझ्याकडे पाठ फिरवून, भिंतीवरील निळ्या वाहिनीकडे पाहत विचारले, "गुरुजी, माझा एक मित्र आहे. त्याला लघवीला फार वेळ उभं राहावं लागतं. काळजीचं आहे का?"

सूनबाईने उत्तर दिले, की वयोमानाने ग्रंथी नुसती वाढली तरीही तसे होते, पण तपासल्याशिवाय फरक कळत नाही. तोच कोपऱ्यातून दुसरा म्हणाला, त्याच्याही एका मित्रास तसेच होते, आणि शिवाय धार बारीक झाली आहे. तिसऱ्याचा मित्र रात्रीतून चार वेळा उठतो. चौथ्याच्या मित्राचे वडील याच रोगाने गेले, आणि त्यामुळे मित्रास धास्ती वाटते. कर्नलसुद्धा घसा खाकरून म्हणाला, "मी एकाला ओळखतो. नाव नाही सांगत. त्याला कधी रक्त दिसतं."

सूनबाई म्हणाली, "त्याला उद्याच पाठवा, कर्नलकाका. उद्याच."

"सांगतो त्याला," कर्नल म्हणाला. त्याच्या मिशा खाली आल्यासारख्या वाटल्या.

मी घरी येईपर्यंत विचार करीत होतो. या वस्तीत कोणी एक अत्यंत दुर्दैवी गृहस्थ राहतो. त्याचे सर्वांशी सख्य आहे, सर्वांपाशी तो मन मोकळे करतो, आणि तो स्वतः मात्र कधीही येत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

त्या गृहस्थाचा विचार मनातून जात नाही. इतक्या जणांचा मित्र, आणि माझी त्याची ओळख नाही! श्रोत्यांनी सांगितलेली लक्षणे एकत्र मांडून पाहिली, तेव्हा तर मी स्तिमित झालो. रात्रीचे उठणे, मध्येच उठून जावे लागणे, कोठेही गेल्यावर प्रथम ते दार शोधून ठेवणे, प्रवासाआधी पाणी वर्ज्य करणे... हे माझ्याशी किती जुळते! फरक एवढाच, की माझ्या बाबतीत त्यामागे उपासना आहे आणि त्याच्या बाबतीत रोग. तरीही परक्या माणसाविषयी इतकी आत्मीयता मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

हिला विचारले, "असा कोणी तुझ्या पाहण्यात आहे का?"

"आहे की. चांगलाच."

"मग मला सांगितले का नाहीस? कोण तो?"

"नाव घेऊन काय उपयोग? ऐकत नाही तो." ही भांडी आदळीत होती. "तुमची गाठ पडली तर एवढं सांगा त्याला, की बायको रात्रभर जागी असते. पाठ चालू असतो तेव्हाही."

म्हणजे तो विवाहित आहे, आणि तोही पाठ करतो. शोध थोडा सोपा झाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नळसम्राट पूर्वपाहणीसाठी आले. गृहस्थ ठेंगणे, बोलणे मोठ्याने. ग्रंथीभोवती आडवे होऊन एक फेरी घातली, भिंतीवर टिचकी मारली, आणि मग आत शिरले.

"गुरुजी, मी आयुष्य यातच काढलं बघा. दाब, गळती, तुंबणं. नळी आवळली की वर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको." मग चहूकडे पाहून म्हणाले, "पण गिऱ्हाईक कुठाय? सिस्टरच्या समोरच्या खुर्चीवर धूळ बसलीय. सूनबाई हुशार आहेत, मान्य. पण लोकांना नकोच असेल तर मी कोण देणारा? रविवारी येतो. तेव्हाही हेच दिसलं, तर नमस्कार."

सूनबाईने जांभळ्या उंचवट्यावरील माझी शाल उचलून घडी करून माझ्या हाती दिली.

नळसम्राट निघता निघता थांबले. त्यांनी आवाज इतका खाली आणला, की तो त्यांचाच आहे यावर विश्वास बसेना. "गुरुजी, माझा एक मित्र आहे..."

त्यांचाही! इतक्या मोठ्या कारखानदारापर्यंत त्या बापड्याचे हात पोहोचले आहेत, आणि सिस्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचत नाहीत! मी निश्चय केला आहे. रविवारचे प्रवचन कोणत्याही अध्यायावर होणार नाही. ते त्या एका माणसास उद्देशून होईल. तो आला नाही, तरी त्याचे मित्र त्याला सांगतील.

१ मार्च, रविवार

सभागृहातून येताच लिहावयास बसलो आहे.

ग्रंथी पूर्ण भरली होती. नळसम्राट पहिल्या रांगेत, कर्नल त्यांच्या शेजारी. स्त्रिया बाहेर निर्गमापाशी चहा घेऊन थांबल्या होत्या. नळसम्राटांच्या माणसांनी त्यांच्या कारखान्याची विजेच्या दिव्यांची एक झगमगीत पाटी बाहेर लावली होती.

मी नेहमीच्या जागी बसलो, पोथी मिटलेलीच ठेवली आणि बोलू लागलो.

"तू जो कोणी आहेस, आणि जो आज येथे आलेला नाहीस, तुझ्याशी मला बोलायचे आहे. येथे बसलेला प्रत्येक जण तुझा मित्र आहे. प्रत्येकाने तुझी कथा मला सांगितली. तू एकटाच स्वतःची कथा सांगत नाहीस. नव्या घरी गेलास की तू प्रथम यजमानाकडे पाहत नाहीस, त्या दाराकडे पाहतोस. चारचौघांत हसत असतोस, आणि मनात पावले मोजत असतोस. तुला वाटते कोणास ठाऊक नाही. तुझी पत्नी अंधारात जागी असते आणि तुझी चाहूल घेत असते. तू भित्रा आहेस असे मी म्हणणार नाही. तू लाजतोस. आम्ही सर्वांनी तुला लाजायला शिकवले. या देहातील हृदयाला आम्ही कमळ म्हटले, मुखाला चंद्र म्हटले, आणि या बिचाऱ्या अक्रोडाएवढ्या द्वारपालास नावसुद्धा दिले नाही. तो आमच्यासाठी आयुष्यभर दारात उभा राहिला. आता तो आजारी असेल, तर त्याची नुसती विचारपूस करण्यासही आम्हांस संकोच वाटतो. मित्रा, मी तुला पाहिलेले नाही. तरीही तू जावास असे मला वाटत नाही. तू राहावास..."

येथे मी चष्मा पुसण्यासाठी थांबलो. कोणीतरी नाक ओढले. कर्नल होता. मी मान वर केली, तो काय आश्चर्य! चाळीस माणसांपैकी प्रत्येक जण माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, जणू मी त्याचे नाव घेऊन बोललो होतो.

त्याच क्षणी फट् असा आवाज झाला. झगमगीत पाटीने फ्यूज उडवला होता. पंपाची घरघर थांबली, आणि काळोख झाला.

छत प्रथम आशीर्वादासारखे हळूच डोक्यावर टेकले. सर्वांनी माना वाकवल्या. मग ते आणखी खाली आले, तसे सर्व गुडघ्यांवर आले, आणि शेवटी उताणे-पालथे, ज्याला जसे जमेल तसे आडवे झाले. अंधारातून नळसम्राटांचा आवाज आला, "दाब गेला! दाब गेला!"

"तुमच्या पाटीनं गेला!" कर्नल ओरडला. "आणि माझ्या मिशीवरनं हात काढा!"

"हा कुणाचा पाय?"

"माझाच आहे. राहू दे."

प्रवेशनळी आवळून बंद झाली होती. तेवढ्यात दूर एक उजेडाची फट दिसली. सिस्टरांनी आपली खुर्ची आडवी घालून निर्गमाचे तोंड उघडे धरले होते. "इकडून या! एकेक! ढकलाढकली नको! आजोबा, काठी आत राहू दे, आधी तुम्ही या!"

आणि मग ते सारे त्या उजेडाकडे रांगू लागले. वस्तीतील सर्व प्रतिष्ठित पुरुष, ओळीने, कोपरांवर. बाहेर येणाऱ्या प्रत्येकास सिस्टर उचलून खुर्चीवर बसवीत, नाव विचारीत आणि बाही वर सारीत. एकानेही हरकत घेतली नाही. आपल्या बायकोच्या देखत चार पायांवर त्यातून बाहेर आलेल्या माणसाजवळ जपण्यासारखी लाज उरत नाही. शिवाय कित्येकांच्या गालांवर अजून ओल होती. नळसम्राट सातवे की आठवे निघाले. पाटीच्या वायरीत त्यांचा पाय अडकला होता. त्यांनी स्वतःच बाही वर केली आणि रांगेकडे पाहत म्हणाले, "हे ठीक आहे. याला मागणी म्हणतात."

मी अध्यक्ष, म्हणून सर्वांत शेवटी निघालो. सिस्टर म्हणाल्या, "बाही वर करा, काका."

"मी अध्यक्ष आहे."

"मग? अध्यक्षांच्या अंगात काय, शाई असते?"

ही समोरच उभी होती, हातात चहाचा पेला घेऊन. तिने तो खाली ठेवला आणि माझी बाही स्वतः वर केली. सुई टोचली ती फारशी कळली नाही.

२ मार्च, सोमवार

नळसम्राटांनी सकाळीच माणूस पाठवून होकार कळवला. संशोधन पुढे चालणार. शीतपेटी सूनबाईकडेच राहणार. औषधवाल्या विभागाने दुसरीकडे सोय पाहावी.

कर्नल आला होता. मिशा चाचपत तो म्हणाला, "मी एकाला ओळखतो म्हणालो होतो ना, त्याला उद्या मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. मी जातोय त्याच्याबरोबर."

"तुझ्यासारखा मित्र मिळण्यास भाग्य लागते," मी म्हणालो.

"गप रे," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या पाठीवर इतक्या जोराने थाप मारली, की माझा चष्मा पडला.

१० मार्च, मंगळवार

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली ती थेट माझ्या खोलीत. माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. असे ती कधी बसत नाही.

"बाबा, तुमच्या त्या मित्राचा पत्ता लागला."

मी पोथी मिटली. "रक्त दिले होते त्याने?"

"दिलं होतं. आकडा वाढलेला आहे. आकडा वाढला म्हणजे आजारच असतो असं नाही, इतरही कारणं असतात. पण बघायला हवं. आता लगेच."

"त्याच्या घरी सांगितलेस का?"

"बायकोला आधीपासूनच शंका होती."

"बिचारी."

ही दारात उभी होती. हातात एक कोरडी बशी होती आणि ती तीच पुन्हा पुन्हा पुसत होती.

"तो घाबरेल," मी म्हणालो. "त्याला सांग, त्याची इच्छा असेल तर मी सोबत येईन."

"तुम्ही आल्याशिवाय तो जाणारच नाही, बाबा."

मी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी काढत होते. मग विचारले, "सूनबाई, त्याची आळशी असेल की घाईची?"

"ते अजून नाही सांगता येत," ती म्हणाली. तिने माझा हात धरला होता, तो सोडला नाही. "तेच तर शोधतेय मी."

१२ मार्च, गुरुवार

आज प्रवचन ठेवले नाही. तीस वर्षांत प्रथमच. श्रोत्यांना कारण विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि मीही सांगितले नाही. पहाटे उठलो, दोनदा उठलो, आणि दोन्ही वेळा पाठ न करता पलंगावर नुसता बसून राहिलो. ही जागीच होती. "दिवा लावू?" म्हणाली. मी लाव म्हटले.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात खुर्च्या एकमेकींना जोडून पक्क्या ठोकल्या आहेत. एक जण उठला की सर्वांना कळते. ही माझ्या उजवीकडे, सूनबाई डावीकडे. समोर बसलेला प्रत्येक पुरुष छताकडे पाहत होता. आत ज्याने बोलावले तो डॉक्टर माझ्या चिरंजीवाहूनही लहान होता. त्याने सूनबाईस ओळखले, आदराने उभा राहिला, मग आम्हां तिघांकडे पाहून म्हणाला, "या, बसा. आणि ज्यांना तपासायचं ते कुठे आहेत? आले नाहीत का?"

भिंतीवर ग्रंथीचे चित्र होते, लहानसे, खऱ्या आकाराचे. एवढीशीच असते ती.

"आलेत," सूनबाई म्हणाली. "आमच्याबरोबरच आलेत."

मी मागे वळून पाहिले नाही. चष्मा आणि घड्याळ काढून हिच्या हाती दिले, आणि पडद्याआड गेलो.